सात नंबरचं शहर

"गच्चीवर म्हणालास ना, बारक्या? गच्चीवर तर कुणीच नाही," भिंगातून डोळा न काढता ताई म्हणाली, आणि मास्तरांच्या हातातला चहा जागच्या जागी गार झाला. नगरभवनाच्या नव्या दालनात काचेखाली अख्खं शहर मांडलेलं होतं. अख्खं म्हणजे नदीच्या दोन्ही काठांचं मधलं शहर, पाचशे पट लहान केलेलं, बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद. मास्तरांच्या हातचं काम, चौदा महिन्यांचं. अर्ध्या तासापूर्वीच महापौरांनी फीत कापली होती, टाळ्या झाल्या होत्या, आणि आता पन्नास-साठ माणसं काचेभोवती वाकून आपापलं घर शोधत होती. ताई रविवारी मुलाकडे निघाली होती, विमानानं, कायमची. चार घरांत सामान वाटून झालं होतं, दोन पेट्या बांधून झाल्या होत्या, आणि जायच्या आधी तिचं एकच मागणं होतं: तू त्या तुझ्या खेळण्यात बाबांना ठेवलंयस म्हणतोस, तर मला एकदा दाखव. मास्तरांनी खरंच ठेवलं होतं. मॉडेलच्या कारखान्याच्या मालकांना न सांगता, नकाशात नसताना, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे बाबा त्यांनी चिमट्यानं उचलून एका गच्चीवर चिकटवले होते. उजवा हात वर केलेले, निळ्या कोटातले. आता ताई ज्या गच्चीवर भिंग धरून उभी होती ती गच्ची बरोबर होती, कारण तिनं चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून बोट धरून वाट काढली होती: नदीकडे पाठ, तिसरं वळण, मग डावीकडे, मग कोपरा. आणि गच्ची रिकामी होती, ओल्या फडक्यानं पुसून काढावी तशी स्वच्छ.

"नीट बघ," मास्तर म्हणाले.

"नीटच बघतेय. पाण्याची टाकी आहे. बाबा नाहीत." मग तिनं भिंग खाली ठेवलं, गुडघा चोळला आणि अगदी सहज, भाजी आणायला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "खाली उतरले असतील."

खरं तर बाबा ज्या गच्चीवर उभे राहायचे ती गच्ची तिसऱ्या मजल्यावर होती, आणि ती इमारत पाडून सोळा वर्षं झाली होती. तिथं आता तीस मजल्यांचा काचेचा मनोरा आहे, बँकांचा. पण मास्तरांचं गणित सरळ होतं. जागा तीच ना? मग बाबांनी वर चढायला हवं. आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधाच्या बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवणारा माणूस, जिना चढताना पहिल्या मजल्यावर दम लागायचा त्याला, तो आता तीस मजले चढून उभा होता, आणि तेही तक्रार न करता. बाबांचा हात वर का, तेही सांगायला हवं. चौकातल्या जुन्या मनोऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. चार म्हणजे चारच. सरकारी माणूस येऊन लावून जायचा, आणि आठवड्याभरात ते पुन्हा चार मिनिटं मागे येऊन तिथं बूड टेकून बसायचं. गावानं मग त्याच्याशी जुळवून घेतलं. शाळेची घंटा चार मिनिटं उशिरा, कचेऱ्या चार मिनिटं उशिरा, गाड्यासुद्धा स्टेशनातून चार मिनिटं उशिरा सुटायच्या आणि पुढच्या स्टेशनाला शिव्या खायच्या. बाहेरचा माणूस ओळखणं सोपं होतं, तो वेळेवर यायचा. तुरुंगात फाशीची वेळसुद्धा त्याच घड्याळावर, आणि त्या जास्तीच्या चार मिनिटांत एका कैद्याचं लग्न जुळलं होतं, असं बाबा शपथेवर सांगत. नवरी कोण होती ते मात्र दर वेळी बदलायचं. तर रोज संध्याकाळी सहाला बाबा गच्चीवर जायचे, डॉक्टरांनी दिलेलं मनगटी घड्याळ असलेला हात वर करून मनोऱ्याच्या रेषेत धरायचे, म्हणजे दोन्ही तबकड्या शेजारी-शेजारी दिसाव्यात, एक डोळा मिटायचे आणि खाली ओरडायचे, "चारच! चारच आहेत!" आणि खालच्या तीन गल्ल्यांतल्या बायका निवांत कामाला लागायच्या, जणू काही ताप उतरल्याची बातमी आली. मग एका वर्षी नगरपालिकेनं विजेवरचं घड्याळ बसवलं. त्या संध्याकाळी बाबांनी हात वर केला, बराच वेळ तसाच धरला, काहीच ओरडले नाहीत, आणि खाली उतरले. पुन्हा गच्चीवर गेले नाहीत. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची, बारक्या अकराचा. दोघं जिन्यात बसले होते आणि बाबा त्यांच्या मधून, दोघांच्या खांद्यांवर हात टेकवत, खाली गेले होते. त्या हाताचं वजन मास्तरांच्या डाव्या खांद्यावर अजून आहे. थंडीत जास्त जाणवतं.

गोंद सुटला असेल, हा पहिला विचार. या धंद्यात माणसं सुटतातच. पाकिटात येतात शंभर-शंभर, चालणारा, बसलेली, पिशवीवाली, सायकलवाला, आणि एक टॅक्सीला हात दाखवणारा. तोच मास्तरांनी बाबांसाठी निवडला होता, कारण हात वर असलेला दुसरा कुणी पाकिटात येतच नाही. प्रवासात हादरे बसले की असली माणसं पडतात आणि नंतर नदीत नाहीतर उड्डाणपुलाखाली सापडतात. पण पडलं तरी गोंदाचा ठिपका राहतो. मास्तरांनी भिंग घेतलं. ठिपका नव्हता. गच्चीवर कधी कुणी उभंच राहिलेलं नव्हतं. मग त्यांची नजर घसरत घसरत नदीवर गेली, नदीवरच्या जुन्या पुलावर, आणि काही कारण नसताना, लहानपणी शाळेत जाताना मोजायचे तशा, त्यांनी कमानी मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजल्या. पाच. पुलाला सहा कमानी आहेत. सहावीत, काठाजवळच्या कोरड्या कमानीत, ताई आणि ते पावसात उभे राहायचे.

एकसष्ट वर्षांच्या माणसानं, इस्त्रीचे कपडे घालून, महापौर हजर असताना, टेबलाची मखमल उचलून खाली सरपटत जाणं शोभत नाही. मास्तर गेले. आत गोंदाचा आणि नव्या प्लायवूडचा ओळखीचा वास होता, आणि चारी बाजूंना बूट. चकचकीत बूट, उंच टाचा, एका पायाची दुसऱ्या पायाला चोरून खाज. वर माणसं "अय्या, हे बघा!" म्हणत होती, तेव्हा खाली त्यांचे चवडे उंच व्हायचे. मास्तरांनी मोबाइलचा दिवा लावून टेबलाचं पोट बघितलं. कारखान्यात प्रत्येक कामाचा नंबर तिथं लिहितात, पेन्सिलनं, कारण नावं शेवटी येतात आणि नकाशे आधी. आपल्या शहराचा नंबर सात. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या देशातल्या एका शहराचं काम चालू होतं, त्याचा आठ. डोक्यावर, लाकडाच्या रेघांमध्ये, त्यांच्याच अक्षरात, गोल गरगरीत दोन वेटोळी, इंग्रजी आकडा: आठ.

म्हणजे सात नंबरचं शहर समुद्रापलीकडे गेलं होतं. बाबांसकट.

ही चूक कुणाची, हे शोधायला मास्तरांना टेबलाखालून बाहेरही यावं लागलं नाही. मांडी घालून बसल्या बसल्या ती दुपार डोळ्यांसमोर आली. दोन्ही शहरांचा नवा आराखडा एकाच कंपनीनं काढलेला. दोन्हींत नदीचं वळण, दोन्हींत पानाच्या आकाराची बाग, दोन्हींत काचेचे तीस-तीस मजले आणि जुनं म्हणून राखलेला एक घड्याळाचा मनोरा, चौकाच्या मधोमध, घासूनपुसून. शहरांच्या नावांच्या पितळी पाट्या शेवटच्या दिवशी आल्या, एकाच कागदात गुंडाळलेल्या. कारखान्यात लेसरच्या यंत्रावर भाग कापणारी लेसरवाली म्हणाली होती, "नंबर बघून लावते मी." तिला बाजूला सारून मास्तरांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. "बाई, माझा जन्म इथला. आपलं गाव ओळखायला नंबर कशाला? आईला ओळखताना कुणी तिचे दात मोजतं का?" सगळे हसले होते. मग मास्तर दोन शहरांच्या मध्ये उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खिडकीतून ऊन आलं होतं, ते एका नदीवर असं तिरकं पडलं की तिच्या ओतीव रेझिनच्या पाण्यात काहीतरी हललं. घशात आवंढा आला. हेच, असं आतून कुणीतरी म्हणालं. हेच ते. आणि त्यांनी चार स्क्रू पिळले. आता टेबलाखाली बसून त्यांना चुकीचं तेवढं काही वाटेना. माणूस चुकतो, स्क्रू उलटे फिरतात. पण तो आवंढा? तो तर खरा होता. इतकी माया इतक्या खरेपणानं आली होती, आणि आली होती ती परक्या नदीवर. एवढं वय झाल्यावर मग या शहरावरची आपली माया नेमकी कशावर होती? नदीवर, की नदीवर पडलेल्या उन्हावर? ऊन काय, सगळीकडे सारखंच.

बाहेर आले तेव्हा निवृत्त पोस्टमन रंगात आला होता. हा माणूस अडतीस वर्षं याच भागात पत्रं वाटत फिरलेला, आज पाहुणा म्हणून बोलावलेला. महापौरांनी त्याच्या हातात लाल ठिपक्याचा दिवा दिला होता आणि तो ठिपका गल्लीगल्लीतून पळवत होता. "इथं वकीलसाहेब. कुत्रं वाईट होतं, पण वकीलसाहेबांपेक्षा बरं. इथं ती शिक्षिका, तिला दर गुरुवारी निळं पाकीट यायचं, कुणाचं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. इथून वळलं की चढ, बघा चढ कसा बरोबर दाखवलाय, याच चढावर माझे गुडघे गेले!" लोक माना डोलवत होते. एक म्हातारा गृहस्थ डोळे पुसत होता. मास्तर पोस्टमनच्या कानाशी गेले.

"अहो, थांबा जरा. हे आपलं शहर नाही. पाट्या चुकल्यात. हे दुसऱ्या देशातलं आहे."

पोस्टमननं ठिपका न हलवता त्यांच्याकडे बघितलं. "कोण आपण?"

"मीच केलंय हे."

"तुम्ही केलंत. मी चाललोय," पोस्टमन म्हणाला. "अडतीस वर्षं. अंधारात, तापात, पायात खिळा असताना. मला शिकवता?"

"पुलाच्या कमानी मोजा. पाच आहेत."

"पाचच आहेत मग!" असं म्हणून त्यानं ठिपका पुढे काढला. "हं, तर इथं तो सावकाराचा वाडा होता, आता दुकानं झाली..."

आणि त्या खात्रीच्या आवाजानं मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. पाच असतील का? लहान मुलं मोजतात तेव्हा एखादी कमान दोनदा मोजतात. त्यांना सहावी कमान स्पष्ट आठवत होती, तिथला ओला वास, वरून गाडी गेली की छातीत होणारी धडधड. पण वासाला नंबर कुठं असतो? ताई कोपऱ्यात खुर्चीवर बसून बिस्किट खात होती. तिला विचारावं तर तिनं आत्ताच परक्या शहरात आपलं घर बिनचूक शोधून काढलं होतं, पाण्याच्या टाकीसकट.

मालक भेटले दाराशी, हातात फुलांचा गुच्छ घेऊन. मास्तरांनी सगळं सांगितलं. मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही, फक्त त्यातला माणूस मागच्या दारानं निघून गेला. "कुणाकुणाला बोललात?"

"पोस्टमनला."

"मग?"

"त्याला पटत नाही."

"शहाणा माणूस आहे," मालक म्हणाले. "मास्तर, तिकडून काल पत्र आलंय. फार आवडलं म्हणतात. इकडेही टाळ्या झाल्या. दोन्हीकडे टाळ्या झाल्या तर चूक कुठं आहे, ते मला दाखवा. बोटानं दाखवा."

मास्तरांनी बोट उचललं. दाखवणार कुठं? बोट तसंच राहिलं, मग खिशात गेलं.

पुढचे चार दिवस मास्तर शहरात फिरले. आधी पुलावर गेले. पुलाला आता दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचं आवरण होतं, वर जाहिराती, खालून काठानं जायला बंदी, कुंपण. वाकून बघितलं तर चार कमानी दिसल्या, पाचवीचा अर्धा भाग, आणि पुढं नव्या भुयारी रस्त्याची भिंत. पहारेकऱ्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले, "मोजायला सांगितलेलं नाही." मग मास्तर चालतच राहिले. एक खोड त्यांना लागली: रस्त्यात मध्येच थांबायचं आणि स्वतःला सांगायचं, समजा, हे आठ नंबरचं आहे. आणि खरंच, काही अडायचं नाही. काचेचे दरवाजे आपोआप उघडायचे, आतून गार वारा यायचा, त्याला तोच लिंबाचा वास, जो कुठल्याच लिंबाला येत नाही. सरकत्या जिन्यावर माणसं उजवीकडे उभी, हातात तोच उजळ चौकोन. कपड्यांच्या दुकानात बिनडोक्याचे पुतळे उभे होते, आणि मास्तरांना वाटलं की यांनाच खरं कळलंय, चेहऱ्याची कटकटच नको. मग ते उलट करून बघायचे: समजा, हे सातच आहे. माझं. तेव्हाही काही फरक पडायचा नाही. हीच खरी भीती होती. परक्या गावात माणूस हरवतो, त्याला निदान हरवल्याचं कळतं, तो कुणाला तरी पत्ता विचारतो. इथं मास्तरांना प्रत्येक रस्ता माहीत होता, कुठलं वळण कुठं जातं ते डोळे मिटून सांगता येत होतं, कारण तो प्रत्येक रस्ता त्यांनी स्वतः कापून, चिकटवून, रंगवला होता. फक्त कुठल्या टेबलावर, एवढंच सांगता येत नव्हतं. चौकात मनोऱ्याखाली थांबून त्यांनी आपलं घड्याळ असलेला हात वर केला, बाबांसारखा, तबकडीशेजारी तबकडी. सेकंदाचा फरक नव्हता. कुठल्याशा उपग्रहाकडून दोन्ही घड्याळांना एकच वेळ येत होती, आणि त्या दुसऱ्या मनोऱ्यालाही तिथूनच येत असणार. शेजारून जाणाऱ्या एका बाईला वाटलं, म्हातारा फोटो काढतोय. ती अदबीनं वाकून त्यांच्या समोरून गेली.

शनिवारी सकाळी ते कारखान्यात गेले तेव्हा लेसरवाली एकटीच होती, यंत्रातून एका विमानतळाचं छप्पर कापून काढत. चाळिशीची बाई, बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या गावाहून आलेली, जिभेला धार यंत्रापेक्षा जास्त.

"कळलं मला," तिनं वर न बघता सांगितलं. "मालकांनी दम दिलाय, बोलायचं नाही म्हणून. म्हणून बोलत नाही. पण मास्तर, आपलं असलं ना, तरी नंबर बघावा."

"तुला वेगळी वाटायची का गं दोन्ही? खरं सांग."

तिनं यंत्र थांबवलं. जळक्या प्लास्टिकचा वास हवेत तसाच लटकला. "मला माझं स्वतःचं गाव वेगळं वाटत नाही आता. मागच्या वर्षी गेले तर स्टेशनाबाहेर उभी राहून भावाला फोन केला, म्हटलं मी कुठं उतरलेय ते तूच सांग. मी नंबरच बघते. नंबराला काही वाटत नाही, आपल्यालाही मग वाटत नाही."

"मला तिकडे फोन करायचाय," मास्तर म्हणाले.

"कशाला? मॉडेल परत मागणार?"

"नाही. एक माणूस आहे माझा तिथं."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता हात पुसले आणि फोन लावून दिला. पलीकडे एक बाई होती, तिथल्या दालनाची व्यवस्थापक. दोघांनाही धड न येणाऱ्या इंग्रजीत बोलणं सुरू झालं. दोघंही एकेक शब्द काळोखातल्या पायरीसारखा चाचपत होते. मास्तरांनी विचारलं, प्रवासात काही तुटलं-फुटलं नाही ना? छे, छे, काही नाही, सगळे खूश आहेत. एक म्हातारे गृहस्थ तर रोज येतात आणि आपल्या शाळेसमोर उभे राहतात. मास्तरांनी डोळे मिटले. ती शाळा कुठली ते त्यांना माहीत होतं. तिथल्या तिसऱ्या बाकावर त्यांनी आपलं नाव कोरलं होतं. मग ते म्हणाले, उंच इमारतीवर, गच्चीत, एक माणूस...

"हो, हो!" पलीकडची बाई हसली. "ती छोटी चूक होती. आमच्याकडे गच्चीवर जायची परवानगी नसते. सुरक्षेचा नियम. तुम्ही काळजी करू नका, आम्ही दुरुस्त केली. फेकलं नाही हं त्याला. त्याला खाली आणलं."

"खाली?"

"टॅक्सी स्टँडवर. तो टॅक्सीला हात दाखवणारा आहे ना? आता अगदी बरोबर जागी आहे. सगळ्यांना तो फार आवडतो."

मास्तर काहीतरी म्हणणार होते. बाबांचा हात टॅक्सीसाठी नाही. मनगटावर घड्याळ आहे, एक डोळा मिटलाय, ते चार मिनिटं मोजतायत. पण चार मिनिटांना त्या दोघांच्या इंग्रजीत काय म्हणायचं, आणि म्हटलं तरी ती बाई कुठल्या घड्याळात बघणार? "थँक यू," ते म्हणाले. पलीकडूनही तेच आलं. फोन बंद झाल्यावर लेसरवालीनं यंत्र सुरू केलं नाही. स्टुलावर बसून ती बराच वेळ नखाखालचा गोंद काढत राहिली.

रविवारी दुपारी ताईची टॅक्सी आली. दोन पेट्या मागे गेल्या, एक पिशवी तिनं मांडीवर घेतली, त्यात काय आहे ते सांगितलं नाही. ती बसली, काच खाली केली आणि नेहमीसारखं आधी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला बजावून मग धाकट्या भावाकडे वळली. मास्तरांनी रात्रभर ठरवलं होतं की खरं सांगायचं, पाट्यांचं, सात-आठचं, सगळं. आता तिचा चेहरा त्या काचेच्या चौकटीत दिसला आणि त्यांना कळलं की सांगितलं तर हिच्या हातून ती रिकामी गच्चीही जाईल.

"ताई, तू म्हणालीस ते बरोबर होतं."

"कुठलं?"

"बाबा खाली उतरलेत."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" तिचा चेहरा खुलला. "सापडले का? कुठं होते?"

"खालीच. टॅक्सी स्टँडवर. हात वर करून उभेत."

"बाबा? आणि टॅक्सी?" ती हसायला लागली, तोंडावर पदरासारखा हात धरून, लहानपणी जिन्यात हसायची तशी. "उभ्या जन्मात बसले नाहीत रे ते टॅक्सीत! पाय आहेत ना देवानं दिलेले, म्हणायचे." मग हसू ओसरलं. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "कुठं निघालेत?"

मास्तरांनी टॅक्सीचं दार नीट लागलंय का ते दाबून बघितलं.

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"विचारायचं ना, बारक्या. त्यांना ऐकू कमी येतं, जवळ जाऊन विचारावं लागतं." तिनं हात बाहेर काढला, त्यांच्या डाव्या खांद्यावर टेकवला, उठताना माणूस टेकवतो तसा वजनासकट, आणि काढून घेतला. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. काच वर गेली. टॅक्सी निघाली, रस्त्यावरच्या तशाच पिवळ्या-काळ्या टॅक्स्यांमध्ये शिरली, आणि आता त्यांतली ताईची कुठली, हे वळणावर जाईपर्यंत मास्तर नजरेनं धरून होते. मग तिथं दोन झाल्या, मग तीन. त्यांनी हात वर केला. ती मागं वळून बघेल या अंदाजानं, सगळ्यांसाठी मिळून एकच हात, आणि तो तसाच वर धरून ठेवला.

समोर एक टॅक्सी येऊन थांबली. दार उघडलं, आतून लिंबाच्या वासाचा गार वारा आला. ड्रायव्हर वाकून, अगदी अदबीनं म्हणाला, "बसा काका. कुठं जायचंय?"

मास्तरांनी रस्त्याच्या या टोकाकडे बघितलं, मग त्या टोकाकडे. हात अजून वरच होता. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

"काका, कुठं?"